एक्सएसएलटीप्रॉक: तक्त्यांसाठी चोख, पण चुकलं तर तोंडातून शब्द काढत नाही

एक्सएमएल (टॅगांमध्ये डेटा साठवणाऱ्या) फाइलमधल्या हव्या तेवढ्याच नोंदी गाळून घेऊन त्यांचा वेबपानावर तक्ता मांडायचा असेल, तर एक्सएसएलटीप्रॉक आधी वापरून बघावं. लिबएक्सएसएलटी या सी भाषेतल्या लायब्ररीसोबत येणारी ही कमांड आहे. लिनक्सवर एका पॅकेजात मिळते, मॅकवर आधीच असते. आउटपुटचा पर्याय, मग स्टाइलशीटचं (रूपांतराचे नियम लिहिलेल्या फाइलचं) नाव आणि शेवटी डेटा फाइलचं नाव, इतकं दिलं की एचटीएमएल तयार. पान ब्राउझरकडूनच बनवून घ्यायची जुनी पद्धत आता सोडलेली बरी, कारण क्रोमने एक्सएसएलटी (हे नियम लिहायची भाषा) काढून टाकणार असल्याचं २०२५ मध्येच जाहीर केलं आहे. पान आधी तयार करून ठेवणाऱ्यांना त्याने काही फरक पडत नाही.

मर्यादा एकच, पण मोठी: ही कमांड एक्सएसएलटीच्या १९९९ च्या १.० आवृत्तीवर थांबली आहे. ईएक्सएसएलटी या विस्ताराच्या सोबतीने काही जोडफंक्शन्स मिळतात, तरी गाळणीचं बहुतेक काम जुन्या एक्सपाथवरच (एक्सएमएलमधून नोंदी निवडायच्या भाषेवरच) भागवावं लागतं.

साठ्याची यादी घ्या. किमान पातळीखाली गेलेल्या वस्तूच दाखवायच्या आहेत. अट फॉर-ईच या लूपच्या सिलेक्टमध्येच घाला: वस्तू[किमान > साठा]. तीच अट लूपच्या आत इफ लावून तपासली, तरी ओळी बरोबरच गळतात. पण पोझिशन हे ओळीचा क्रमांक देणारं फंक्शन मग वगळलेल्या ओळीही मोजतं, आणि एकाआड एक रंग दिलेल्या पट्ट्या विस्कटतात. अनुक्रमांकही १, ४, ५ असे उड्या मारतात. अट उलटून ‘साठा कमी’ अशी लिहायची असेल, तर लेस-दॅन चिन्ह थेट टाइप करून चालत नाही. अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ते एंटिटी म्हणूनच (< असं) द्यावं लागतं, नाहीतर स्टाइलशीट वाचतानाच एरर येते. ही एरर निदान दिसते तरी. खरा त्रास देतात त्या न दिसणाऱ्या चुका.

पहिली नेमस्पेसची (टॅग कोणत्या संचातले हे सांगणाऱ्या नावाची). डेटा फाइलच्या मुळाशी डीफॉल्ट नेमस्पेस असेल आणि स्टाइलशीटमध्ये बिनप्रीफिक्सचं ‘वस्तू’ लिहिलं, तर एकही नोंद जुळत नाही. तक्त्याचं फक्त डोकं छापलं जातं आणि एक्झिट कोड शून्य, म्हणजे ‘सगळं ठीक’. प्रीफिक्स जाहीर करून तो प्रत्येक पायरीला लावणं हाच उपाय.

दुसरी अंकांची, आणि मराठी डेटात ही हमखास. एक्सपाथला देवनागरी अंक संख्या म्हणून कळत नाहीत. साठ्यात ‘२५’ असेल तर त्याचं नॅन (‘संख्या नाही’) होतं आणि तुलना खोटी ठरते. ट्रान्सलेट फंक्शनने दहाही अंक इंग्रजी करून घ्या, मगच तुलना करा. तारखांचंही तेच: वर्ष-महिना-दिवस अशी मजकुरातली तारीख मोठी-लहान तपासली की उत्तर कायम ‘नाही’. डॅश काढून आठ अंकी संख्या केली की जमतं.

स्थितीची गाळणीही नीट वाचून लिहा. [@स्थिती != 'बंद'] लिहिलं तर स्थितीच नसलेल्या वस्तूही यादीतून जातात. त्या हव्या असतील तर [नॉट(@स्थिती = 'बंद')].

विभागाचं नाव बाहेरून द्यायचं तर पॅरम नव्हे, स्ट्रिंगपॅरम हा पर्याय वापरा. पॅरमची किंमत एक्सपाथ म्हणून वाचली जाते. ‘विद्युत’ दिलं की ते त्या नावाचा एलिमेंट शोधतं, सापडत नाही, पुन्हा रिकामा तक्ता.

बाकी किरकोळ: सॉर्टला डेटा-टाइप नंबर दिला नाही तर १०० आधी आणि २५ नंतर येतो. आउटपुटची पद्धत एचटीएमएल आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ स्पष्ट लिहा. अप्लाय-टेम्प्लेट्स सिलेक्टशिवाय सोडलं, तर अंगभूत टेम्प्लेट (एखाद्या टॅगचं काय करायचं ते सांगणारा नियम) नको तो मजकूर पानभर सांडतं. कुठलं टेम्प्लेट वेळ खातंय हे प्रोफाइल पर्याय नेमकं सांगतो, हे मात्र छान आहे.

विभागवार गट पाडायचे असतील तर इथे की आणि जनरेट-आयडी या फंक्शनांची जुनी कसरत करावी लागते. हे रोजचंच काम असेल तर सरळ मायकेल के यांच्या सॅक्सन या दुसऱ्या एक्सएसएलटी प्रोसेसरची मोफत एचई आवृत्ती घ्या. तिच्यात एक्सएसएलटी ३.० आहे, गट पाडणारं फॉर-ईच-ग्रुप आहे, तारखा खऱ्या तारखा आहेत आणि नेमस्पेस जुळत नसेल तर ती इशाराही देते. मोबदल्यात प्रत्येक वेळी जावा सुरू होण्याची वाट बघायची. शेकडो छोट्या फाइली एकेक करून चालवताना ते चांगलंच जाणवतं. फाइल अवाढव्य असेल तर दोघंही सारखेच: पूर्ण झाड मेमरीत चढवतात.

एक्सएसएलटीप्रॉकच ठेवायचं ठरलं तर त्याला बोलतं करा. स्टाइलशीटच्या सुरुवातीलाच सगळ्या वस्तू मोजा, फक्त गाळून उरलेल्या नव्हे, कारण कमी साठ्याची यादी खरोखरच रिकामी असू शकते. मोजणी शून्य आली तर टर्मिनेट ‘येस’ लावलेला मेसेज टाका. मग एक्झिट कोड १० मिळतो. आउटपुट तात्पुरत्या फाइलीत घ्या आणि कोड शून्य असेल तरच ती जुन्या पानाच्या जागी हलवा.