बादलीभर पाण्यात गाडी: फ्लॅटवाल्यांसाठी नो रिन्स आणि कार्नोबा वॅक्स

कोल्हापुरात आर. के. नगरला आम्ही राहतो त्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये नळ नाही. पाईप लावून गाडी धुवायला सोसायटीची बंदी आहे आणि मला ती पटते. पाईप सोडला की एका गाडीला शंभर-दीडशे लिटर पाणी सहज जातं आणि सगळा चिखल शेजारच्या दुचाकीखाली जाऊन साचतो. म्हणून मी ‘ऑप्टिमम नो रिन्स’ घेतलं. धुतल्यावर वरून पाणी मारायची गरज नसलेलं हे लिक्विड. आता गाडी धुवायला मी दुसरं काही आणत नाही.

मी गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, इन्स्पेक्शनला आहे. गाडी दिवसभर शेडबाहेर उभी असते. तिच्यावर बसते ती नुसती धूळ नसते. त्यात मोल्डिंगची वाळू असते, ग्राइंडरवरून उडालेले लोखंडाचे बारीक कण असतात. गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांच्या चिमण्यांतली चिपाडाची काजळीही येते. ती काजळी कोरड्या हातानं पुसली की काळा फराटाच उठतो. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा. डोक्याचा केस बहुधा त्याहून जाड भरतो. वाळूच्या कणाचा कठीणपणा ‘मोह’च्या 1 ते 10 च्या मापात 7. असा कण फडक्याखाली धरून घासला की काय होतं, हे मला कामावर रोज दिसतं. त्यामुळे एकाच बादलीत, एकाच फडक्यानं ओळीनं सगळ्या गाड्या पुसून काढायची पद्धत मला बघवत नाही. उन्हात बॉनेटवर गोल गोल जाळी दिसते ना, ती याच फडक्याची. पुसणाऱ्या पोराला काय बोलायचं? महिन्याच्या त्या पैशात गाडीगणिक नवं फडकं तो कुठून आणणार?

नो रिन्समध्ये फेस होत नाही. पहिल्यांदा वापरणाऱ्याला वाटतं, हे कसलं धुणं! पण त्यातले पॉलिमर मातीच्या कणाला वेढतात आणि पत्र्यावर बुळबुळीत पातळ थर धरतात, त्यामुळे कण घासला न जाता सरकून कापडात येतो. प्रमाण 256 भाग पाण्याला एक भाग, म्हणजे 10 लिटरच्या बादलीला सुमारे 40 मिली. जास्त ओतून काही फायदा नाही, उलट काचेवर ओघळ राहतात. छोट्या गाडीला अर्धी बादलीसुद्धा पुरते.

खरं काम मात्र कापडांचं आहे. सात-आठ चांगली मायक्रोफायबर कापडं बादलीत भिजवून ठेवायची. आधी हेच पाणी स्प्रे पंपानं एका भागावर मारून मिनिटभर थांबायचं. मग कापडाची चौघडी करून हात हलका ठेवून एकाच दिशेला पुसायचं, की लगेच घडी बदलायची. एका कापडाला अशा आठ बाजू मिळतात. मळलेलं कापड परत बादलीत बुडवायचं नाही, ते बाजूला टाकायचं. सगळी गंमत यातच आहे. टपापासून सुरुवात, दारांचा खालचा भाग आणि चाकं शेवटी, तीही जुन्या कापडांनी. एखादं कापड फरशीवर पडलं तर ते त्या क्षणापासून चाकांचं. प्रत्येक भाग ओला असतानाच दुसऱ्या कोरड्या कापडानं टिपून घ्यायचा. बोअरचं पाणी असेल तर यात अजिबात ढिलाई नको, कारण क्षाराचे पांढरे ठिपके नंतर हट्टानं निघत नाहीत. माझी बादली नळाच्या पाण्याची असते, वरून लिफ्टनं खाली आणते.

धुतल्यावर दारावरून हात फिरवा. काच गुळगुळीत आणि पत्रा खरखरीत लागला तर लोखंडाचे कण रुतलेले आहेत. शिरोली, गोकुळ शिरगावला गाड्या लावणाऱ्यांनी हे बघाच. त्याला क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, लागतो, आणि तो सरकवायला हेच लिक्विड थोडं दाट करून चालतं. वर्षातून एकदा-दोनदा पुरे. त्याआधी वॅक्स लावणं म्हणजे कचऱ्यावर पॉलिश.

मी लावते ते डबीतलं कार्नोबा पेस्ट वॅक्स. हे मेण ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून काढतात. मूळ मेण 80 अंशांच्या वरच वितळतं, इतकं कडक. इथे आपलं पार्किंग कामाला येतं: पत्रा थंड हवा आणि ऊन नको, आणि बिल्डिंगखाली दोन्ही आयतं मिळतं. एप्रिलच्या दुपारी बाहेर तापलेल्या बॉनेटवर लावलं तर ते तिथेच वाळून चिकटतं. फोमच्या पॅडवर अगदी पातळ घ्यायचं, एकेक भाग करायचा, धुरकट झालं की स्वच्छ कापडानं काढायचं. जाड लावून चमक वाढत नाही, फक्त काढताना खांदे भरून येतात. काळ्या प्लास्टिकला लागू देऊ नका, पांढरे डाग पडतात. पुढच्या काचेलाही नको, पावसात वायपर थरथरतो.

उन्हाळ्यात हे दीड-दोन महिने टिकतं, पावसाळ्यात महिनाभर धरा. सिरॅमिक कोटिंगवाले, म्हणजे रंगावर कडक टिकाऊ थर चढवून घेणारे, याला हसतील. मला त्यात कमीपणा वाटत नाही. पक्ष्याची घाण पडली तर ती आधी मेण खाते आणि मला संध्याकाळपर्यंत वेळ मिळतो. लाल गाडीवर कार्नोबाची जी खोल, ओली चमक येते, ती मला दुसऱ्या कशात दिसलेली नाही.

जिथे ही पद्धत चालत नाही, ते स्पष्ट सांगते. जुलैत गगनबावड्याहून परत आल्यावर चाकांच्या कमानीत जो लाल चिखल थापलेला असतो, त्यावर कुठलंही नो रिन्स वापरू नये. आधी वॉशिंग सेंटरवर जाऊन नुसत्या प्रेशरच्या पाण्यानं चिखल उडवून घ्या, ‘फडकं लावू नका’ असं सांगून. घरी येऊन मग बादली काढा. उसाच्या ट्रॉलीमागून आलेल्या रोजच्या धुळीला मात्र हे पुरून उरतं.

बाटली महाग वाटते, पण एका लिटरमागे साधारण पंचवीस वेळा गाडी धुऊन होते. पैसे कमी असतील तर लिक्विडची छोटी बाटली घ्या, कापडं मात्र चांगली घ्या. कापडं धुताना मऊपणा आणणारं लिक्विड घालू नका, धागे गुळगुळीत होऊन माती धरेनासे होतात. चाकांची कापडं वेगळ्या रंगाची ठेवा, म्हणजे घरात कुणी चुकून एकत्र धुणार नाही.