710 चा शिक्का

गुडघ्यांमुळं आमची आई दीड वर्षं उंबऱ्याबाहेर पडलेली नाही. तिचं माहेर खानापूर तालुक्यातलं, मलप्रभेच्या काठचं. लहानपणी घाटावर चुरमुरे टाकले की मासे कसे गोळा व्हायचे, हे ती अजून सांगते. म्हणून गेल्या उन्हाळ्यात बेळगावातल्या वडगावच्या आमच्या घरी, सोप्यात, तिच्या खुर्चीतून दिसेल असं माशांचं छोटं तळं करायचं ठरवलं. त्यात 26 हजार रुपये गेले. कसे गेले ते सगळं लिहितोय, कारण ते तळं करून देणारा माणूस अजून आपल्याच भागात कामं घेतोय.

काचेची एवढी मोठी टाकी परवडत नव्हती. ओळखीतून हा माणूस आला. "6 बाय 4 चं तळं, 2 फूट उंच. 710 मरीन प्लाय, सांध्यांना फायबर, आतून इपॉक्सीचे दोन हात. पंप, मासे सगळं धरून 26 हजार. दहा वर्षं बघायला नको अण्णा," म्हणाला. 710 हा पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा नंबर, आणि इपॉक्सी म्हणजे पाणी झिरपू न देणारा लेप. प्लायवूडचं तळं ही गोष्ट मुळात खोटी नाही. माल खरा असेल आणि चौकट भक्कम असेल तर ते टिकतं. म्हणूनच माझा विश्वास बसला. बिल मागितलं तर म्हणाला, "बिल केलं की वर 18 टक्के जीएसटी पडेल, कशाला?" मी गप्प बसलो. पहिली चूक ती. 15 हजार आगाऊ पाठवले.

प्लाय आला त्यावर 710 चा ठळक शिक्का होता. दुसऱ्या दिवशी मी कामावरून येईपर्यंत आतून काळा रंग मारून झाला होता. कोपऱ्यात एकच रिकामा डबा पडला होता, ऑइलपेंटचा. इपॉक्सीला रेझिन आणि हार्डनर असे दोन डबे लागतात, ते मिसळले तरच ती घट्ट होते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तरी विचारलं. "तो बाहेरून मारलाय," म्हणाला. राहिलेले 11 हजार मी त्याच संध्याकाळी दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाचं पाणी भरलं, दुपारी त्यानं दहा कोई जातीचे मासे सोडले. आईनं खुर्ची पुढं ओढून घेतली. तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले आणि आठवड्यात सगळे गेले. नळाच्या पाण्यातला क्लोरीन आधी काढावा लागतो. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो आणि तो पचवणारे जिवाणू नव्या टाकीत जमायला चार-सहा आठवडे लागतात, तोवर एक-दोनच मासे सोडायचे असतात. वर ताज्या ऑइलपेंटचा वास. मासे विकणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसेल, हे मला पटत नाही. आईनं ते मासे जास्वंदीच्या बुडात पुरायला लावले. त्या दिवशी ती जेवली नाही.

फोन लावला की "उद्या येतो". अकराव्या रात्री तळ्याचा कोपरा फुटला. 20 इंच पाणी होतं, म्हणजे सुमारे 1,130 लिटर. नंतर हिशोब केला तर 6 फुटांच्या एका बाजूवरच पाण्याचा 230 किलोच्या वर रेटा होता. त्याला वरून चारी बाजूंनी लाकडी पट्ट्यांची चौकट लागते. इथं नुसते कोपऱ्यांत स्क्रू मारलेले. पाणी आईच्या पलंगाखाली गेलं. ती अंधारात एकटी उठायला गेली असती तर काय झालं असतं, हे अजून मनातून जात नाही.

शहापूरच्या आमच्या ओळखीच्या सुतारमामांनी फळी हातात घेतली आणि बोटानं पापुद्रे सोडवून दाखवले. "हा साधा एमआर आहे, कपाटाचा." एमआर नुसती दमट हवा सोसतो, पाण्यात त्याचा गोंद सुटतो. मरीन प्लायचा गोंद फिनॉलचा असतो आणि आयएस 710 च्या चाचणीत तो 72 तास उकळून तपासतात. एक कोरडा उरलेला तुकडा मामांनी आमच्याच चुलीवर पातेल्यात उकळत ठेवला. संध्याकाळपर्यंत त्याचे थर सुटून पाण्यावर तरंगायला लागले. शिक्का कुणीही मारू शकतो. खऱ्या मालावर आयएसआय चिन्हाजवळ सीएम/एल नंबर, म्हणजे कंपनीच्या परवान्याचा नंबर असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकला की कंपनी आणि माल दिसतो. माझ्या फळीवरचा नंबर भलत्याच मालाचा निघाला. दोन मिनिटांचं काम होतं, रंग मारायच्या आधी केलं असतं तर बरं झालं असतं.

आता त्याचा फोन बंद आहे. मी आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथं फी लागत नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. बिल नसलं तरी यूपीआयच्या नोंदी आहेत, "710 मरीन" असं लिहिलेला त्याचा मेसेज आहे, आणि सुटलेल्या थरांची ती फळी आहे.

तो आता निपाणीकडं कामं घेतोय असं कानावर आलंय. तुमच्याकडं कुणी हाच भाव, हीच 6 बाय 4 ची मापं सांगून गेला असेल तर आगाऊ पैसे देऊ नका, आणि काम झालं असेल तर आज रात्री तळ्यातलं पाणी निम्म्यावर आणा.