बोलायला शिकणाऱ्या बजीचा खाऊ: मधाची कांडी की राळ्याचं कणीस?

पिकू आमचा बजी, म्हणजे छोट्या जातीचा पोपट. निळ्या नाकाचा नर, आठ महिन्यांचा. त्याला ‘काय रे’ शिकवायचं मनावर घेतलं, तेव्हापासून तीन प्रकारचे खाऊ आणून झाले.

पहिली मधात बिया चिकटवलेली कांडी. पाकिटावर चोच उघडलेला पोपट होता, म्हणून मी भुलले. कांडी पिंजऱ्यात अडकवली की पिकू तिला बिलगायचा आणि पंधरा मिनिटं मान वर करायचा नाही. मी आपली ‘काय रे, काय रे’ करत बसायची. महिन्याभरात त्याचं वजन ३६ ग्रॅमवरून ४२ वर गेलं. वजनकाट्यावर ६ ग्रॅम म्हणजे काहीच नाही, पण एवढ्याशा जिवाला ते फार आहे. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी कांडी त्याच दिवशी बंद करायला लावली. साखर वेगळीच, शिवाय सूर्यफुलाच्या बियांत चरबी भरपूर, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व मात्र नावापुरतं. नुसत्या अशा बियांवर वाढलेल्या पोपटांचं यकृत चरबीने खराब होतं. मला हे आधी कळायला हवं होतं.

मग राळ्याची वाळवलेली कणसं आणली. रंग नाही, मध नाही, नुसतं कणीस. यावर मी मनापासून खूश आहे, पण ते अख्खं टांगायचं नाही. मी त्यातला चार-पाच दाण्यांचा तुरा खुडते आणि चिमटीत धरते. पिकूने ‘काय’सारखा आवाज काढला, की त्याच क्षणी तुरा पुढे. दोन-तीन सेकंदांत दाणे संपतात आणि तो पुन्हा माझ्या तोंडाकडे बघायला लागतो. शिकवणीच्या खाऊत मला हेच हवं होतं. उशीर केला तर आपण कशाबद्दल देतोय हे पाखराला कळत नाही. एरवी दिवसभर राळा दिसूसुद्धा देत नाही, नाहीतर त्याची ओढच राहणार नाही. शिवाय राळा झाला तरी दाणाच. सगळा खाऊ मिळून दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आत ठेवते. आता वजन ३७ वर आलंय आणि ‘काय रे’ स्पष्ट ऐकू येतं.

तिसरा प्रकार रंगीत, साखर लावलेल्या सुक्या फळांचा. एकदाच आणला. त्याऐवजी किसलेलं गाजर देते, त्यातून अ जीवनसत्त्वही मिळतं. यामागे अ‍ॅलेक्सची गोष्ट आहे. शास्त्रज्ञ आयरीन पेपरबर्ग यांनी या आफ्रिकन ग्रे पोपटाला १९७७ पासून, २००७ मध्ये तो जाईपर्यंत शिकवलं. तो ज्या वस्तूचं नाव घेई, तीच वस्तू त्याला बक्षीस मिळे. सफरचंदाला त्याने स्वतःहून ‘बॅनरी’ असा शब्द काढला होता! म्हणून पिकू ‘गाज’ म्हणाला की राळा नाही, गाजरच देते. ‘र’ अजून यायचाय. ओला खाऊ उरला तर दोन तासांत काढून टाकते. सफरचंद दिलं तर बिया काढून. अव्होकाडो आणि चॉकलेट मात्र चुकूनही नाही, दोन्ही पोपटांना विषारी आहेत.

कणसांच्या पाकिटाबद्दल दोन तक्रारी आहेत. ते परत बंद करता येत नाही, आणि तळाशी तुटलेले तुरे आणि भुसा बराच निघाला. मी आणल्याबरोबर दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवते, म्हणजे धान्यातला किडा राहत नाही. नंतर घट्ट झाकणाच्या बरणीत. कुबट वास आला तर सरळ फेकून द्या.

राळ्याच्या कणसांना पाचपैकी चार. घरी ग्रे किंवा मकाव असा मोठा पोपट असेल तर मात्र हे दाणे त्याच्या चोचीला फारच बारीक पडतील, त्याला बिनमिठाच्या बदामाचा छोटा तुकडा बरा.