आठ महिने एका पेन्सिल सेलवर: रुंद झोताची छोटी टॉर्च

आधी कबुली. ही टॉर्च मी दुसऱ्या फेरीत घेतली. पहिल्या फेरीत खोक्यावरचा ल्युमेनचा आकडा बघून भुललो आणि लांबवर झोत फेकणारी, हिच्या चौपट ‘ताकदवान’ टॉर्च घेऊन आलो. त्याच आठवड्यात सिंकखालचा पाइप गळायला लागला. कपाटात डोकं घालून टॉर्च लावली, तर समोर वाटीएवढा पांढराफटक गोळा आणि त्याच्याबाहेर मिट्ट काळोख. नट दिसावा तर पाना दिसेना, पान्यावर झोत न्यावा तर नट गायब. शेवटी एका डबीचं दुधी प्लास्टिकचं झाकण टॉर्चच्या तोंडाशी धरलं आणि सगळं कपाट एकदम मऊ उजेडानं भरलं. मला काय हवं होतं ते त्या झाकणानं सांगितलं.

याचं गणित सोपं आहे. ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो कुठे पडतो याबद्दल हा आकडा चकार शब्द काढत नाही. झोताच्या मध्यावर प्रकाश किती एकवटला आहे ते कॅन्डेला सांगतात. दहा अंशांचा झोत एक मीटरवर जेमतेम १७ सेंटिमीटरचं वर्तुळ पाडतो, नव्वद अंशांचा झोत दोन मीटरचं. म्हणजे तेवढाच प्रकाश शंभरपटीहून जास्त जागेत पसरतो. त्यामुळे रुंद झोताच्या टॉर्चच्या खोक्यावर ‘३० मीटर’ असं लिहिलेलं असतं आणि दुकानात ती शेजारच्या ‘३०० मीटर’पुढे बापुडवाणी दिसते. हे अंतर मोजायची पद्धतही मजेशीर आहे: प्रकाश ०.२५ लक्सवर, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उतरतो तिथपर्यंतचं अंतर धरतात. चांदण्यात काही नट घट्ट करता येत नाही. माझ्या टॉर्चचे कागदावर ३० मीटर आहेत, कामाचे म्हणाल तर आठ-दहा. पण घरात, जिन्यात, तंबूत, गाडीच्या बॉनेटखाली आठ मीटर लागतात कुणाला?

दुसरी अट सेलची होती. आपल्याकडे टॉर्चलाच ‘बॅटरी’ म्हणायची सवय, त्यामुळे या लेखात आतल्या वस्तूला सेलच म्हणतो, नाहीतर घोळ होईल. चार्जिंगची केबल लावायच्या टॉर्च चांगल्या असतात, पण वीज जाते नेमकी तेव्हाच त्या रिकाम्या निघतात. मला घड्याळात आणि रिमोटमध्ये जातो तोच सेल हवा होता, कुठेही मिळणारा. दोन पर्याय होते: जाडा पेन्सिल सेल म्हणजे डबल ए, आणि बारका ट्रिपल ए. बारक्याची टॉर्च खरोखर पेनाएवढी होते, पण त्या सेलमध्ये ऊर्जा जाड्याच्या निम्म्याहून कमी. मी जाडा निवडला, आणि तोही एकच. दोन-तीन सेलच्या टॉर्चमध्ये आपण हमखास एक जुना, एक नवा घालतो. मग जुना आधी संपतो, नवा त्या रिकाम्या सेलमधूनही प्रवाह रेटत राहतो आणि जुना फुगतो किंवा पाझरतो. एकच सेल असला की ही भानगडच उरत नाही.

एका सेलचा दाब दीड व्होल्ट आणि पांढऱ्या एलईडीला लागतात तीनच्या आसपास. आतलं छोटं सर्किट दाब वाढवून देतं आणि त्या बदल्यात सेलमधून जास्त करंट ओढतं. साध्या अल्कलाइन सेलला हे झेपत नाही. पूर्ण उजेडावर तो धापा टाकतो, काही मिनिटांत प्रकाश खाली येतो, सेल कोमट लागतो. म्हणून पहिल्या महिन्यानंतर मी पुन्हा चार्ज होणाऱ्या निकेल मेटल हायड्राइड सेलवर आलो. त्याचा दाब १.२ व्होल्टच, पण भार आला तरी तो सहसा ढळत नाही. जुने असे सेल खणात पडल्या पडल्याच रिकामे व्हायचे. २००५ मध्ये सान्योनं एनेलूप आणले तेव्हापासून चार्ज धरून ठेवणारे सेल सहज मिळतात. २००० एमएएच क्षमतेच्या (म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचा आकडा) सेलवर मधल्या पायरीला, म्हणजे ५० ल्युमेनला, मला चार तासांच्या आसपास वापर मिळतो. सगळ्यात वरच्या पायरीवर सव्वा तास. या सेलचा एक दोष मात्र पक्का: शेवटपर्यंत छान चालतो आणि मग काही न सांगता बसतो. अल्कलाइन निदान मिणमिणत निरोप घेतो.

डबल एच्याच मापाचा १४५०० नावाचा लिथियम सेल मिळतो, तो पूर्ण भरलेला असताना ४.२ व्होल्टचा असतो. टॉर्चच्या माहितीपत्रकात त्याला परवानगी नसेल तर घालू नका, सर्किट जळतं.

आता झोत. हिच्यात चकचकीत आरसा नाही, तोंडाशी दाणेदार प्लास्टिकची भिंग आहे. मध्ये गरम ठिपका नाही, कडेला कडक रेघ नाही. उजेड कडेकडे अलगद विरत जातो. पुस्तक वाचताना पानाचा एक कोपरा लख्ख आणि बाकी अंधारात असं होत नाही. शेपटीवर उभी केली की छतावरून परतणारा उजेड अख्ख्या खोलीत पसरतो, बसून जेवण्याइतका. एलईडीचा रंग मी मुद्दाम ४००० केल्विनचा, म्हणजे ना पिवळट ना निळसर असा घेतला, आणि वस्तूंचे रंग किती खरे दिसतात ते सांगणारा निर्देशांक शंभरापैकी नव्वदच्या वर. त्यासाठी थोडे ल्युमेन सोडावे लागले. पण वायरिंगमधली तपकिरी आणि लाल वायर ओळखताना फरक कळतो. निळसर स्वस्त टॉर्चमध्ये दोन्ही मातकट दिसतात.

तक्रारी आहेत. धुक्यात रुंद झोत म्हणजे समोर पांढरा पडदा, तिथे ही जवळजवळ निकामी. डोळ्यांच्या उंचीला धरली की उजेड कडेनं आपल्याच बोटांवर पडतो आणि चमकतो. मी ती कमरेजवळ धरायला शिकलो. सगळ्यात वैताग म्हणजे ती दर वेळी मोठ्या उजेडावरच सुरू होते. मध्यरात्री पाणी प्यायला उठलं की डोळे दिपतात, आणि अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना पुन्हा वीस-तीस मिनिटं लागतात. मंद पायरीपासून चढत जाणारी टॉर्च मिळाली तर डोळे झाकून ती घ्या. म्हणजे उघडे ठेवायला नंतर त्रास होणार नाही. खिशाची क्लिप चौथ्या महिन्यात सैल झाली, पक्कडीनं दाबून घेतली.

खिशात एकदा आपोआप चालू झाली होती. मांडीला चटका लागल्यावर कळलं. तेव्हापासून मागची टोपी पाव फेरा सैल करून ठेवतो. आट्यांवर अ‍ॅनोडाइजचा, म्हणजे वीज न वाहू देणारा थर असल्यानं संपर्क तुटतो आणि बटण दाबलं तरी पेटत नाही. घेण्याआधी हे करून बघा, बिनथराच्या आट्यांवर चालत नाही.

एक फजिती सांगायची राहिली, ती माझीच. या टॉर्चमधून काढलेला अर्धवट अल्कलाइन सेल मी जुन्या लांब झोताच्या टॉर्चमध्ये त्याच्या भावंडांबरोबर घालून ठेवला. वर दोन सेलचं रामायण सांगितलं ना, तेच. मार्चमध्ये उघडली तर स्प्रिंगवर पांढरा खरपुडा. ते पोटॅशियम हायड्रॉक्साइडपासून तयार होतं. हात लावायचं नाही, हातमोजे घालायचे. कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून पुसलं, पाण्याच्या ओल्या काडीनं पुन्हा पुसलं, दिवसभर वाळवलं. स्प्रिंग वाचली, टोपीच्या आट्या मात्र अजून करकरतात. आता तिच्यात सेल ठेवतच नाही. ते बाहेर, तिच्याच पिशवीत, आणि पिशवीत ते झाकणसुद्धा आहे.