कॉलेज बदलायचं की ‘स्वयम’वर विषय घ्यायचा?

एफवायचा निकाल लागला की बऱ्याच घरांत हा विषय निघतो. हवा तो विषय या कॉलेजात नाही. मग दुसऱ्या विद्यापीठात जायचं, की इथेच राहून तो ‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या कोर्सेसच्या पोर्टलवर ऑनलाइन करायचा? क्रेडिट्स, म्हणजे शिकलेल्या तासांवर मोजले जाणारे गुणांक, दोन्हीकडे मिळतात. ते पदवीच्या कोणत्या रकान्यात धरले जाणार, हे मात्र प्रवेशाच्या धावपळीत विचारायचं राहून जातं आणि मुलांचं नुकसान तिथेच होतं.

आधी कॉलेज बदलण्याचं बघू. महाराष्ट्रात नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार वर्षाला ४० ते ४४ क्रेडिट्स होतात. विद्यापीठाने ते अपलोड केले की अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या क्रेडिट्स साठवणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेतल्या तुमच्या खात्यात दिसतात आणि साधारण सात वर्षं ग्राह्य राहतात. म्हणून ‘४४ जमा आहेत, थेट एसवाय’ असा हिशेब मुलं करतात. पण खात्यात शिल्लक असली म्हणजे जागा मिळाली असं होत नाही. टीसी, मायग्रेशन, पात्रता, रिकामी सीट हे सगळं लागतंच. त्याहून मोठा प्रश्न समकक्षतेचा, म्हणजे इथला पेपर तिथल्या कोणत्या पेपरच्या बरोबरीचा मानतात याचा. इथे ओपन इलेक्टिव्ह (मुख्य विषयाबाहेरचा, आवडीने निवडलेला) म्हणून केलेला पेपर तिथे मेजरमध्ये, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयात, धरतीलच असं नाही. धरला नाही, तर मेजरचे राहिलेले पेपर एसवायच्या अभ्यासासोबत काढावे लागतात.

पेपरच्या कोडवर तर अजिबात विसंबू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२च्या आराखड्यात १०० ते १९९ हे पायाभूत, २०० ते २९९ मध्यम, ३०० ते ३९९ वरच्या पातळीचे, ४०० ते ४९९ प्रगत आणि ५०० पासून पुढे पदव्युत्तर अशी रचना आहे. पण प्रत्यक्षात काही ठिकाणी पहिला आकडा सत्राचा असतो. तिथला २०१ म्हणजे दुसऱ्या सत्राचा, म्हणजे एफवायचाच पेपर! म्हणून दोन्हीकडचे सिलॅबस शेजारी ठेवून तास मोजा. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३०. समजा, तुमचा भौतिकशास्त्राचा पेपर दोन क्रेडिट थिअरी आणि दोन क्रेडिट प्रॅक्टिकलचा आहे, म्हणजे ३० तास वर्गात आणि ६० तास प्रयोगशाळेत. नव्या ठिकाणी तोच विषय चारही क्रेडिट थिअरीचा, ६० तासांचा असेल, तर क्रेडिट्सची बेरीज जुळते, पण निम्मा अभ्यासक्रम तुम्ही शिकलेलाच नसता. विद्यापीठाचं त्या विषयाचं अभ्यास मंडळ नेमकं हेच बघतं.

‘स्वयम’चं गणित त्या मानाने सोपं. यूजीसीच्या २०२१च्या नियमांप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स तिथून करता येतात. शिकायला फी नाही, परीक्षेला आहे, आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. अडचण येते ती आकड्यांची: ‘स्वयम’वरच्या एनपीटीईएल या आयआयटींच्या उपक्रमाचा १२ आठवड्यांचा कोर्स तीन क्रेडिटचा असतो, ८ आठवड्यांचा दोनचा. कॉलेजला चार हवे असतील, तर उरलेला एक कुठून भरायचा हे आधीच ठरवून घ्या. नोंदणीपूर्वी विभागप्रमुखांची मंजुरी घ्या. नंतर नुसतं प्रमाणपत्र दाखवून काम होईलच असं नाही. परीक्षेची तारीख विद्यापीठाच्या पेपरला आडवी येत नाही ना, तेही बघा. प्रयोगशाळेचा विषय असेल, तर हा मार्ग जवळपास बंदच समजा.

माझं स्पष्ट मत असं: एक-दोन इलेक्टिव्हच हवे असतील, तर कॉलेज सोडू नका. मेजरच बदलायचा असेल, तर मात्र जा, आणि एफवायनंतरच जा. एसवायनंतर मेजरचे पेपर इतके साठलेले असतात की नव्या विद्यापीठात त्यांतले किती धरले जातील यावर अख्खं वर्ष अवलंबून राहतं. एटीकेटी असेल, तर आधी ती सोडवा, कारण नापास पेपरचे क्रेडिट्स खात्यात येतच नाहीत. आणि कोणता पेपर कशात धरला, याचं पत्र नव्या कॉलेजकडून हातात पडेपर्यंत जुन्या कॉलेजातून टीसी काढू नका.