लेबल सोडलं, ट्रे पुसायला लागलो: अकरा महिन्यांनंतर

सीडी-डीव्हीडीवर कागदी लेबल चिकटवणं सोडून अकरा महिन्यांपूर्वी मी थेट डिस्कवर छापणारा प्रिंटर घेतला, त्याचा हा अनुभव. 'आता डिस्क कोण वापरतं?' हे कृपया विचारू नका. नाशिकच्या सिडकोत माझं फोटो-व्हिडिओचं छोटं दुकान आहे. सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टातले तीन वकील आणि लग्नाची डीव्हीडी मागणारी ज्येष्ठ मंडळी, एवढ्यांवर महिन्याला चाळीसेक डिस्क जातात. नवरा मुलगा पेनड्राइव्ह नेतो, पण सासऱ्यांना कपाटात ठेवायला डबीच लागते.

आठ वर्षं लेबलंच चिकटवली. बुडबुडा न येता लेबल बसवण्यात माझा हात कोणी धरणार नाही, असा माज होता. तो ओझरच्या एका काकांनी उतरवला. गाण्यांची सीडी त्यांनी एप्रिलात गाडीत ठेवली. उन्हानं गोंद सुटला, कड उचलली गेली आणि फटीतून डिस्क ओढणाऱ्या प्लेअरनं ती गिळली. मेकॅनिकचे निम्मे पैसे मी भरले. काका काही बोलले नाहीत, फक्त निघालेलं लेबल काउंटरवर ठेवलं. त्याच्या पाठीला चंदेरी पापुद्रा चिकटला होता. म्हणजे गाणी लेबलाबरोबरच आली होती! सीडीत डेटाचा थर वरच्याच अंगाला, लॅकरच्या (वार्निशसारख्या) पातळ थराखाली असतो.

डीव्हीडीचं तसं नाही. तिचा थर ०.६ मिमीच्या दोन चकत्यांमध्ये असतो, त्यामुळे लेबल ओढलं तरी डेटा शाबूत. पण तिचे ट्रॅक ०.७४ मायक्रॉनवर, सीडीचे १.६ वर. जरा वाक आला की ती लगेच कुरकुरते, आणि एका बाजूला कागद चिकटवला की वाक येतोच. डिस्क आतून बाहेर वाचली जाते, वाक कडेला जास्त. म्हणून माझ्या गिऱ्हाइकांकडे लग्न व्यवस्थित लागायचं आणि पाठवणीला चित्र थिजायचं. मी वर्षानुवर्षं त्यांच्या प्लेअरला दोष देत होतो.

मग सहा रंगांचा, टाकीत शाई भरायचा, डिस्कच्या ट्रेवाला प्रिंटर घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, सर्व्हिस सेंटरशी अजून बोलणं बंद आहे. पांढऱ्या प्रिंटेबल डिस्कवर पार मधल्या भोकाजवळपर्यंत फोटो येतो. पहिला महिना मी येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवत होतो.

आता ट्रे. प्रिंटर चांगला की वाईट हे विसरा, सगळा खेळ ट्रेचा आहे. बाण जुळवून सरळ सरकवायचा, जोर लावायचा नाही. चौथ्या महिन्यात प्रिंटर ट्रे आत घ्यायचा आणि जशाचा तसा बाहेर टाकायचा, किंवा फोटो दोन मिलिमीटर डावीकडे छापायचा. दोन मिलिमीटर म्हणजे नवरीचं कपाळ भोकात. सर्व्हिसवाले म्हणाले, "सेन्सर बदलावा लागेल, साहेब." खर्च ३,४०० रुपये, वॉरंटीत बसत नाही म्हणे. मी तावातावानं प्रिंटर परत आणला. रात्री मॅन्युअल उघडलं तर त्यात साफ लिहिलेलं: ट्रेवरच्या चकचकीत खुणा मळल्या तर प्रिंटरला ट्रे ओळखू येत नाही. चष्म्याच्या फडक्यानं त्या पुसल्या. आजतागायत एकदाही अडला नाही. त्या खुणा पुसायला मी आता वेगळं फडकं ठेवलंय आणि दुकानातल्या पोरानं त्याला हात लावला तर मी ओरडतो.

यानंतर पाच तारे देणार होतो, तेवढ्यात पावसाळा आला. गोदावरीला पूर येऊन दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं होतं त्या आठवड्यात छापलेली एक डिस्क दुसऱ्या दिवशी हळदीच्या घरी गेली. ओल्या बोटांनी ती हातोहात फिरली आणि नवरदेवाची मिशी गालावर आली. आता छापून चोवीस तास सुट्या ठेवतो, एकावर एक नाही. हेअर ड्रायर नाही, ऊनही नाही.

हिशोबातही मी फसलो. लेबल शीटचा खर्च वाचला हे खरं, पण प्रिंटेबल डिस्क महाग, आणि पितृपक्षात प्रिंटर पंधरा दिवस बंद राहिला तर शाई फवारणारं हेड तुंबलं. साफ करताना शाई टाकीतून डोळ्यांदेखत उतरते, ते बघवत नाही. म्हणून दोन-तीन डिस्कचं काम असलं तर मी प्रिंटर चालूच करत नाही. साधी डिस्क आणि डिस्कसाठीचा मार्कर, बस. वकिलांना तेच बरं वाटतं. १ जुलै २०२४ पासून डिजिटल पुराव्यासाठी जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५ब जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ६३ आलं, त्याच्या प्रमाणपत्रात हॅश (फाइलमध्ये फेरफार झाला तर बदलणारा ओळख-आकडा) लिहावा लागतो. डिस्कवर केस नंबर आणि तारीख असली की त्यांना पुरतं, माझी रंगीत कलाकारी नको असते.

लग्नाच्या ऑर्डरला मात्र छपाईच. आधी बर्न (डिस्कवर डेटा लिहिणं), मग पडताळणी, मग छपाई. उलट केलं आणि डिस्क बाद निघाली तर शाईही जाते. वकिलांच्या सीडीला तर लेबल फुकट दिलं तरी लावणार नाही.

उरलेली सत्तर शीट आईनं घरी नेली. लोणच्या-पापडाच्या डब्यांवर लावते. मधल्या भोकातून झाकणाची मूठ बरोब्बर वर येते, आणि तिथे कधी बुडबुडाही धरत नाही.