दिवाडीच्या फुकट फेरीचे माणशी ६५०

गोव्यात आई-बाबांना घेऊन जाणार असाल आणि गर्दीचे किनारे नको म्हणून दिवाडी बेटाचा बेत आखत असाल, तर आधी हे वाचा.

जुने गोवे ते दिवाडी ही फेरीबोट सरकारी आहे, नदी परिवहन खात्याची. पायी जाणाऱ्याला तिकीटच नाही. व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ खाली गेलं की धक्का. बेटावर जायला परवानाही लागत नाही, कारण तिथे माणसं राहतात, शेती करतात, रोज कामाला पणजीला जातात.

आम्हाला मात्र समाजमाध्यमावरच्या एका पानाने 'दिवाडी डे ट्रिप' विकली. फेरीचं तिकीट, 'बेट प्रवेश परवाना' आणि गावातल्या घरी जेवण, माणशी ६५०. चौघांचे २,६०० आगाऊ. समोरचा माणूस फोनवर भलताच गोड. "काकांना गुडघ्याचा त्रास आहे ना? मग पुढच्या सीट ठेवतो." (फेरीबोटीत पुढची सीट! मधे गाड्या, कडेला बाकडी, एवढाच काय तो थाट.)

पैसे जाताच पास आला. वर तिरंगी पट्टी, कोपऱ्यात पुसट राजमुद्रा, खाली 'अहस्तांतरणीय' वगैरे. मागे निळाशार समुद्र आणि पांढरी वाळू. दिवाडी आहे मांडवी नदीत. तिथे खाजण शेती, कांदळवन, टेकडीवर पिएदादचं चर्च. वाळूचा किनारा औषधालाही नाही.

धक्क्यावर बाबांनी पास पुढे केला तर खलाशी हसला. "पास? कसलो पास? बेगीन चडा." पलीकडे न्यायला कोणी आलं नव्हतं, जेवणाचं घर अस्तित्वातच नव्हतं.

खरी चलाखी त्यानंतरची. फोन केला तर भांडण नाही की फोन बंद नाही. उलट माफी मागून म्हणाला, "सर, पूर्ण रिफंड देतो, कोड पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका." स्कॅन केल्यावर पडद्यावर २,६०० 'पे' असंच दिसत होतं, आणि हा घाई करत होता की दोन मिनिटांत कोड संपेल. बायकोने फोन हातातून काढून घेतला म्हणून दुसरा फटका टळला. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली. व्यवहार क्रमांक आणि स्क्रीनशॉट हाताशी ठेवा, आणि लगेच करा. पैसे खात्यातून काढून घेतले जायच्या आत कळवलं तर ते गोठवता येतात. आमचे अजून आलेले नाहीत.

ते पान नाव बदलून पुन्हा सुरू झालंय, आता चोडण बेटाचे 'परवाने' विकतात. चोडणला सलीम अली पक्षी अभयारण्याचं तिकीट खरंच असतं, पण ते वनखात्याकडून तिथेच काढायचं.